भाडे कोणाचे, यंत्र कोणाचे

मित्रांनो, धान चुरणारे एक जुने यंत्र तुमच्याशी बोलत आहे. धानाच्या भाऱ्यांतून दाणे वेगळे करण्याला आमच्या भागात ‘चुरणे’ म्हणतात. तेच माझे काम. मात्र गेली जवळजवळ चार वर्षे मी एक दाणाही चुरलेला नाही. या काळात लोक माझ्यावर चढले ते फोन लावण्यासाठी.

माझा जन्म वरोऱ्याजवळच्या एका लहान कारखान्यात झाला. लोखंडी कोनपट्ट्या मापाने कापून, काटकोन तपासून त्यांचा सांगाडा जोडण्यात आला. सांगाड्यात दाते असलेला ड्रम बसवला, ड्रमखाली चाळणी, चाळणीच्या बाजूला पंखा. ड्रमच्या दोन्ही टोकांना बेरिंगे होती. ती बसवणारा कामगार वयस्क होता. त्याने ड्रम हाताने फिरवला, कान लावून ऐकले आणि मान हलवली. मला मिळालेले ते पहिले प्रशस्तिपत्र. पुढे तांबड्या अस्तराचा थर, त्यावर हिरवा रंग आणि शेवटी पत्र्यावर मालकाचे नाव.

नाव कोणते, असे रंगाऱ्याने विचारले. माझी किंमत मोजणारा माणूस समोरच उभा होता. त्याचे नाव वारलू. चामोर्शी तालुक्यातील कोसमटोला या जंगलाकाठच्या गावचा हा शेतकरी. सहा वर्षे दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवून त्याने पैसे साठवले होते. तो म्हणाला, “ललिता टाका.”

ललिता ही त्याची बायको. ती आरोग्य उपकेंद्रात परिचारिका होती, म्हणून सारे गाव तिला सिस्टर म्हणे. स्त्रीच्या नावावर यंत्र घेतल्यास सरकारी अनुदान थोडे अधिक मिळते. म्हणून बिलही तिच्याच नावाचे फाडले गेले.

मला गावात आणले त्या दिवशी ललिताने माझ्या पत्र्याला हळद लावली. वारलू तिला म्हणाला, “नाव तुहं टाकलं. अनुदान जास्त भेटते.” ती “बरं” म्हणाली. त्या दिवशी दोघांत माझ्याविषयी एवढेच बोलणे झाले. मी ते जसेच्या तसे सांगत आहे, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

माझी पहिली पाच वर्षे कामाची होती. ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याला जोडले की मी तासाभरात जेवढे धान चुरत असे, तेवढ्याला आठ माणसांना दिवस लागे. वारलू भाड्याच्या ट्रॅक्टरवर बसे. सुटीच्या दिवशी ललिता माझ्या फळीवर उभी राहून तोंडात भारे सरकवी. हात आत जाऊ नये म्हणून ती बांगड्या काढून ठेवत असे. काम संपले की ती माझी चाळणी झाडून घेई आणि वारलू बेरिंगांत ग्रीस भरी. आसपासच्या पाच गावांत माझे नाव झाले. लोक म्हणत, सिस्टरची मशीन दाणा फोडत नाही.

पाचव्या हंगामात एका बियाणे कंपनीने मला भाड्याने घेतले. तिच्या शेतकऱ्यांचे बियाण्याचे धान मीच चुरले. त्याचे भाडे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये झाले. कंपनीने नियमाप्रमाणे थोडा कर आधीच कापला आणि तो कापताना ललिताचा पॅन क्रमांक लिहिला, कारण माझे बिल तिच्या नावाचे होते. उरलेली रक्कम दोघांच्या संयुक्त खात्यात आली. खात्याचा व्यवहार वारलू पाहत असे. त्याने ते पैसे काढून एक जुना ट्रॅक्टर घेतला.

त्याच हंगामाच्या सुरुवातीला ललिताची बदली तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या उपकेंद्रात झाली. दिवाळीनंतर ती तिकडच्या क्वार्टरवर राहू लागली. वारलू गेला नाही. ती आली नाही. मोठे भांडण झाल्याचे मी ऐकले नाही. चाळणीची भोके हळूहळू बुजतात आणि एके दिवशी दाणा खाली पडत नाही, तसे काहीतरी झाले असावे.

एप्रिल महिन्यात, मोह वेचण्याच्या दिवसांत, माझ्या शेजारच्या मोहाच्या झाडाखाली गावचे पंच बसले. त्यांनी वाळलेल्या गवताची एक काडी दोघांच्या हाती दिली. दोघांनी आपापले टोक ओढले. काडी मोडली. आवाज झाला नाही. पंचांनी वहीत तारीख लिहिली.

मग माझा विषय निघाला. वारलू म्हणाला, “पैसा माहा, मशीन माही.” ललिता म्हणाली, “कागद माह्या नावाचा, मशीन माही.” पंचांनी पुष्कळ विचार केला आणि ठरवले की दोघांचे एकमत होईपर्यंत मशीनला कोणी हात लावायचा नाही.

कोणी लावला नाही. माझा पट्टा तुटून पडला. टायर बसले. ड्रमच्या बेरिंगांतले ग्रीस वाळून त्याची पपडी झाली. पहिल्या हंगामात दूरवर दुसरे यंत्र चालल्याचा आवाज आला तेव्हा मला वाईट वाटले. दुसऱ्या हंगामात वाटले का, हे मी स्वतःला विचारून पाहिले. वाटले नव्हते.

मी गावाबाहेरच्या उंचवट्यावर उभे होते. आमच्या गावात मोबाईलचा टावर मिळत नाही. पण माझ्या फळीवर चढून उभे राहिले की मिळतो. सिग्नलच्या दोन काड्या दिसतात, कधी तीन. त्यामुळे लोक मला विसरले नाहीत. फक्त मी काय आहे हे विसरले.

आता गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट सांगते. दुपारचे बारा वाजले होते. बुधरी नावाची म्हातारी माझ्यावर उभी राहून वरोऱ्याला दिलेल्या लेकीशी बोलत होती. तेवढ्यात स्कुटी आली आणि ललिता उतरली. तिच्या हातात कागदांची पिशवी होती.

“बुधरीबाई, जरा उतरता का? मले वर काम आहे.”

“माही लेक अजून सुनेचं गाऱ्हाणं सांगून राह्यली, मंधातच उतरू?” बुधरी म्हणाली. मग तिने फोन ठेवला. “कोणाले लावतं?”

“मले नाई लावाचा. वारलूभाऊच्या फोनवर आकडा येणार आहे. त्याहीले निरोप देल्ला.”

बुधरी उतरता उतरता थांबली. “वारलूभाऊ?”

लग्न टिकून होते तोपर्यंत ललिताने वारलूचे नाव कधी उच्चारले नव्हते. ती त्याला “आयकता का” एवढेच म्हणे. आता नाव घेण्याला अडचण नव्हती आणि गावात वडीलधाऱ्यांना भाऊ म्हणतात, म्हणून ती भाऊ म्हणाली. तेवढ्यात वारलूही आला.

“काय झालं, सिस्टर?” त्याने विचारले.

“ते भाऊ म्हणते, हा सिस्टर म्हणते,” बुधरी म्हणाली. “राखी बांधून टाका आता, झंझट मिटली.”

दोघेही हसले नाहीत.

ललिताने सांगितले ते असे. आयकर खात्याची तिला नोटीस आली होती. तिने आपल्या विवरणपत्रात केवळ पगार दाखवला होता. माझे भाडे दाखवले नव्हते. त्या पैशाबद्दल तिला काही माहीतच नव्हते. उत्तर देण्याची शेवटची तारीख त्याच दिवशी होती. उत्तर संगणकावरून पाठवायचे आणि शेवटी एक सहा आकडी क्रमांक टाकायचा. पण तो क्रमांक वारलूच्या फोनवर येणार होता. लग्नानंतर आधार, पॅन, बँक, सगळीकडे त्याचाच नंबर दिलेला. तिने आधार केंद्रावर नंबर बदलायला टाकला होता. तो अजून बदलला नव्हता.

माझी फळी अडीच फूट लांब आणि दीड फूट रुंद आहे. दोघे तिच्यावर चढले. ललिताने चामोर्शीच्या प्रफुल यांना फोन लावला. ते लोकांची करविवरणे भरून देतात. फोनचा आवाज मोठा करून तिने तो माझ्या पत्र्यावर ठेवला.

प्रफुल यांनी भाड्याची रक्कम सांगितली. वारलू लगेच म्हणाला, “आमाले टॅक्स नसते, साहेब. आदिवासीले माफ आहे.”

“ते ईशान्येकडच्या राज्यांत, भाऊ. तिथल्या आदिवासींसाठी. आपल्या जिल्ह्यात नाही.”

“मंग शेतीले तं माफ आहे. धान चुरणं शेती नोहे का?”

“धान तुमचं असतं तर शेती. दुसऱ्याचं धान चुरून भाडं घेतलं, तो धंदा झाला.”

वारलू फोनकडे वाकला. “मंग कागदावर जेचं नाव तेनं भरावं. पंचायतीत सिस्टरच म्हणत होत्या, कागद माह्या नावाचा.”

“आनं तुमी म्हणत होते, पैसा माहा,” ललिता म्हणाली.

मित्रांनो, मी दोघांच्या पायांखाली होते. मोहाच्या झाडाखाली जे वाक्य त्याचे होते ते आता तिच्या तोंडी आले होते, आणि तिचे वाक्य त्याच्या. मी मात्र तेच यंत्र होते.

“तुम्ही दोघंही खरंच बोलत होता,” प्रफुल म्हणाले. “नवरा आणि बायको यांचा कर वेगवेगळाच असतो. पण नवऱ्यानं आपल्या पैशानं बायकोला एखादी वस्तू दिली, तर वस्तू बायकोची होते आणि तिच्यातून येणारं उत्पन्न नवऱ्याच्या हिशेबात धरतात. लग्न असेपर्यंत. लग्न मोडलं की पुढचं उत्पन्नही बायकोचं.”

“मी तवा इथी राहतच नोहती,” ललिता म्हणाली. “दिवाळीपासून क्वार्टरवर होती.”

“राहत नव्हत्या, पण बायको होत्या. वेगळं राहणं म्हणजे काडीमोड नाही. काडी कधी मोडली?”

“मोहाच्या दिवसांत,” वारलू म्हणाला.

“मोह मार्चातही असते, एप्रिलातही असते. खात्याला तारीख पाहिजे, भाऊ.”

“अकरा एप्रिल, दोन हजार बावीस,” ललिता म्हणाली. “पंचाच्या वहीत लिवून आहे. पानाचा फोटो तुमाले धाडला.”

“आणि कंपनीचं बिल फेब्रुवारीचं. म्हणजे हे भाडं वारलूभाऊंचं. तुम्ही एवढंच लिहून द्या, भाऊ: मी माझ्या पैशानं मशीन घेतली, बायकोला दिली, भाडं मी उचललं. सिस्टर फोटो पाठवतील, मी इथून जोडतो.”

ललिताने कागद माझ्या पत्र्यावर ठेवला आणि पेन दिले. वारलू सावकाश लिहीत गेला. एका ठिकाणी थांबला, मग ओळ पूर्ण केली. ललिताने ती फोनवर वाचून दाखवली: यंत्र माझ्या पैशाने घेऊन पत्नीच्या नावावर केले.

“‘नावावर केले’ नको,” प्रफुल म्हणाले. “तसं लिहिलं तर अनुदान खोटं उचललं असा अर्थ निघेल. ‘दिले’ लिहा.”

“‘देल्लं’ लिवलं तं मशीन गेली माही,” वारलू म्हणाला.

“ती गेली, भाऊ. ज्या दिवशी बिल फाडलं त्याच दिवशी.”

वारलूने पेन खाली ठेवले. त्याच क्षणी फोन तुटला. दोघे फोन उंच धरून माझ्यावर उभे राहिले. खाली बुधरी दगडावर बसून होती.

“काडी मोडाले एक मिनिट नाई लागला,” ती म्हणाली, “आता दोन काड्यांसाठी दोघंही टांगून आहेत.”

वारलूने तिच्याकडे पाहिले नाही. “नाई लिवलं तं?” त्याने ललिताला विचारले.

“लाखाच्या वर जाईन म्हणतेत. दंड वेगळा. पगारातून भरीन.”

“भरतान?”

“भरीन. पैसा तुमी उचलला, ट्रॅक्टर तुमी घेतला, टॅक्स मी भरीन.” तिचा आवाज चढला नाही, रुग्णाला गोळ्यांच्या वेळा सांगाव्यात तसा तो होता. “पंचायतीत मी खोटं नाई बोलली. कागद माह्या नावाचा आहे एवढंच म्हणली. तुमी मले देल्ली असं म्हणली नाई. काऊन की तुमी कधी तसं म्हणलंच नाई.”

हे खरे होते. हळद लावली त्या दिवसापासून काडी मोडली त्या दिवसापर्यंत तो शब्द माझ्याजवळ कोणी उच्चारला नव्हता.

फोन पुन्हा लागला. प्रफुल म्हणाले, “सिस्टर, वेळ जात आहे. काय ठरलं?”

वारलूने पेन उचलले, ‘नावावर केले’ ही अक्षरे खोडली, वर ‘हिला दिले’ असे लिहिले आणि खाली सही केली. का लिहिले, हे मला सांगता येणार नाही. त्याचा चेहरा माझ्या बाजूला नव्हता आणि पेनाचा दाब आधीइतकाच होता.

ललिताने फोटो काढला. तो जायला बराच वेळ लागला. मग वारलूच्या फोनवर आकडे आले. तो दोन-दोन करून वाचू लागला. त्रेचाळीस. शून्य आठ. एकोणनव्वद. ती ऐकून प्रफुल यांना सांगत गेली. एकदा तिने “परत सांगा” म्हटले, त्याने परत सांगितले. पलीकडून प्रफुल म्हणाले, “झालं.”

ती उतरली. “जातो,” म्हणाली.

“हं,” तो म्हणाला.

जानेवारीत ललिताला खात्याचे पत्र आले. तिच्याविरुद्धचे प्रकरण बंद झाले होते. वारलूला वेगळी नोटीस आली. त्याचे स्वतःचे विवरणपत्र भरण्याचे काम प्रफुल यांच्याकडे अजून चालू आहे; शेतीचे उत्पन्न वगळल्यावर कर फारसा बसणार नाही, असे ते म्हणतात.

पत्र आले त्याच आठवड्यात ललिता मला न्यायला आली. सोबत चामोर्शीच्या कार्यशाळेतला आदेश मिस्त्री होता आणि भाड्याचा ट्रॅक्टर. आदेशने ड्रमची पुली दोन्ही हातांनी धरून फिरवली. ती हलली नाही. त्याने लांब पहार अडकवून जोर लावला. तरी हलली नाही.

“बेरिंग जाम आहे, मॅडम. दोन्ही बाजूचं. चाळणी सडली. शाफ्टही काढून पाहावा लागीन,” तो म्हणाला. “दुरुस्तीले चाळीसेक हजार. भंगारात देल्ली तं अठरा भेटतीन. रोख.”

वारलू त्याच्या बांधावर, पन्नास पावलांवर उभा होता. तिने तिथूनच त्याला विचारले, “काय करू?”

“मशीन तुही आहे,” तो म्हणाला. “मले काऊन इचारतं?”

ती थोडा वेळ माझ्या पत्र्याकडे पाहत राहिली. हिरव्या रंगाची सालपटे निघाली होती. मग ती आदेशकडे वळली. “खोला,” म्हणाली.

माझ्या टायरांत हवा भरण्यात आली. जोडाची खीळ गंजून बसली होती. ती निघेना तेव्हा वारलू घण घेऊन आला, चार घाव घालून त्याने ती काढून दिली आणि परत बांधावर गेला. ट्रॅक्टरने मला ओढले. बुधरी रस्त्याच्या कडेला उभी राहून मोठ्याने विचारत होती, आता तिने लेकीशी कुठून बोलायचे.

सध्या मी चामोर्शीच्या कार्यशाळेत आहे. ‘आहे’ म्हणणे फारसे अचूक नाही. माझा ड्रम एका पोत्यावर आहे, पंखा दुसऱ्यावर. सांगाडा भिंतीला टेकवला आहे. प्रत्येक भागावर आदेशने खडूने क्रमांक लिहिले आहेत. जुनी बेरिंगे शाफ्टवरून निघाली नाहीत, ती कापावी लागली. नवी बेरिंगे आली आहेत, अजून पुड्यातच आहेत. मी पुन्हा चालेन का, याचा निर्वाळा आदेशने दिलेला नाही. सगळे सुटे केल्यावर दुखेल असे मला वाटले होते. दुखले नाही.

मित्रांनो, यंत्राविषयी मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. काम नसले तरी त्याला महिन्यातून एकदा हाताने फिरवावे आणि पावसापूर्वी ग्रीस बदलावे. खर्च थोडा आहे. तिसरी गोष्ट यंत्राविषयी नाही. आपल्या माणसाला काही देणार असाल, तर देताना तोंडाने म्हणा की हे तुला दिले. त्याला क्षणभरही लागत नाही. तेव्हा म्हटले नाही, तर पुढे कधीतरी ते सरकारला लिहून द्यावे लागते, आणि तोवर दिलेली वस्तू जागच्या जागी जाम झालेली असते.